दुधाळ्याचे कुंपण

नामदेव शिकवताना आम्ही दरवर्षी औंढ्याच्या देवळाची आख्यायिका सांगतो. देवळासमोर कीर्तनास बसलेल्या नामदेवांना उठवून मागच्या बाजूस पाठवले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले, ही ती कथा. हिंगोली जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना ती आधीच ठाऊक असते. नर्सी त्यांच्या जिल्ह्यातली, औंढा नागनाथही त्यांच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे हा तास बहुधा शांततेत पार पडतो. दोन वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरून एक प्रश्न आला आणि तो तास आमच्या हातून निसटला. प्रश्न असा : "सर, औंढ्याजवळ दुधाळ्याला अमेरिकेचं मशीन बसतंय म्हणतात. देवळात कुणाला घ्यायचं हे पुजाऱ्यांनी ठरवलं. या मशीनपाशी कोण येणार, हे कोण ठरवणार? आणि त्यांचं मशीन आपल्याकडं ठेवायचं, म्हणजे आपलं काही त्यांच्याकडं जाणार नाही का?"

आम्ही मराठीचे अध्यापक. गुरुत्वीय लहरींविषयी आमचे ज्ञान वर्तमानपत्री. परंतु या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात मिळणारे नाही, ते इतिहासात शोधावे लागेल, एवढे आम्हांला तेव्हाच जाणवले. पुढचे टिपण त्या शोधातून झाले आहे.

प्रथम प्रकल्पाविषयी, थोडक्यात. दुधाळे परिसरात उभ्या राहत असलेल्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेला काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. त्यांतील निर्वात नळ्यांमधून लेझरचा झोत आरशांवर आपटून परत येईल. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी फरक पडतो, तो मोजायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील अशाच दोन यंत्रांनी तो प्रथम मोजला. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला कळली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत, १७ फेब्रुवारीस, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली. ३१ मार्च २०१६ रोजी वॉशिंग्टनला सामंजस्य करार झाला. पुढे सात वर्षे फायली हलत राहिल्या. एप्रिल २०२३ मध्ये दोन हजार सहाशे कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. व्यवस्था अशी, की यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन देणार आणि जागा, इमारत, निर्वात नळ्या व ते चालवणारी माणसे भारत देणार. भारताच्या बाजूने चार संस्था आहेत. इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय या तिन्ही अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालच्या. चौथी पुण्याची आयुका, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी उभारलेले केंद्र.

कोनशिला बसली ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी. १९९८ साली याच तारखेस पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतीय प्रयोगशाळांची दारे आपल्या बाजूने लावून घेतली. त्या दिवसाच्या पंचविसाव्या स्मृतिदिनी अमेरिकेच्याच भागीदारीतल्या प्रयोगशाळेची पायाभरणी व्हावी, हा योगायोग होता की कुणी तो जुळवला, हे आम्ही विचारत बसत नाही. त्या पंचवीस वर्षांत काय घडले आणि त्याआधी काय घडले होते, हे मात्र पाहण्याजोगे आहे.

या गोष्टीचा आरंभ आम्ही थोडा लांबून करतो. १८०२ च्या सुमारास विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासहून हिंदुस्थानच्या मोजणीला प्रारंभ केला. त्यासाठी इंग्लंडहून निघालेला सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट फ्रेंचांनी वाटेत जहाजासह पकडला आणि मॉरिशसला नेला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात हाडवैर होते. असे असूनही पेटीत काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते यंत्र गौरवाच्या पत्रासह मद्रासला पाठवून दिले. विज्ञानाच्या बंधुभावाचा दाखला म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते. ती सुंदरही आहे. पण लॅम्ब्टनच्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे गणित जसे पक्के झाले, तसा कंपनी सरकारच्या हाती या देशाचा अचूक नकाशाही आला. फ्रेंच गव्हर्नराने सौजन्यापोटी शत्रूच्या हाती काय दिले, याचा हिशेब त्याने केला असेल का? ती मोजणीची साखळी बिदरहून एलिचपूरकडे जाताना आमच्या मुलखाच्या पूर्वेकडून गेली. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि तेथेच पुरला गेला. एकच यंत्र एकाच वेळी सर्वांच्या ज्ञानाचे आणि एकाच्या सत्तेचे साधन असते, ही अडचण त्याच्या थडग्याइतकी तरी जुनी आहे.

स्वतंत्र भारताला ती पहिल्याच वर्षी भेटली. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यावर चर्चा चालू असता, शांततेसाठी चाललेल्या संशोधनावरही इतकी गुप्तता का, असा प्रश्न सभागृहात विचारला गेला. नेहरूंच्या उत्तराचा आशय असा, की शांततेचा वापर आणि संरक्षणाचा वापर यांत रेघ कशी ओढावी हे आपल्याला कळत नाही. हे उत्तर चुकवाचुकवीचे वाटते, पण आम्हांला ते प्रामाणिक वाटते. ती रेघ पुढेही कुणाला धड ओढता आली नाही. १९५५ साली जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापरावरील जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद होमी भाभांकडे होते. त्यानंतर कॅनडाच्या साहाय्याने तुर्भ्याला 'सायरस' अणुभट्टी उभी राहिली, तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले आणि १९६० मध्ये ती सुरू झाली. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे इतके देखणे उदाहरण त्या काळी दुसरे नसेल. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला, त्यातले प्लुटोनियम या सायरसचे होते. कॅनडाने सहकार्य थांबवले. आपण म्हणालो, हा शांततामय स्फोट आहे. कॅनडा म्हणाला, आमचा विश्वासघात झाला. दोन्ही बाजूंची कागदपत्रे समोर ठेवली तरी हा तंटा आज मिटणार नाही. मात्र 'ते आपले काही नेतील' या आमच्या विद्यार्थ्याच्या शंकेची दुसरी बाजू इथे दिसते. त्यांच्या मनातही आपल्याविषयी तीच शंका होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

याच सुमारास मुंबई-पुण्यात आणखी एक प्रकरण चालू होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते मुद्दाम वाचावे, कारण त्यात खलनायक शोधणे फार कठीण आहे. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने आजारी पडू लागली आणि केंद्राने नवा विषाणू शोधून काढला. तो रशियातल्या एका विषाणूच्या कुळातला निघाला. मग सैबेरियातून येणारे पक्षी तो आणत असतील काय, असा प्रश्न उभा राहिला. पक्ष्यांचे जाणकार मुंबईत होते, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सालिम अली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे पक्षी-स्थलांतराचा असा पद्धतशीर अभ्यास त्याआधी झाला नव्हता. पण साठच्या दशकात या कार्यक्रमाचा पैसा अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन विभागाकडून येऊ लागला.

सत्तरच्या दशकात हे वर्तमानपत्रांत आले. पक्ष्यांबरोबर रोगजंतू कुठून कुठे जातात हे लष्कराला कशासाठी हवे, हा प्रश्न कोणीही विचारला असता. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये परदेशी सहभागाच्या संशोधन प्रकल्पांवर एक स्वतंत्र अहवालच दिला. दिल्लीकडचा डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्प त्याच वावटळीत सापडला. सालिम अलींच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पक्ष्यांसाठी पैसा मिळतो आहे, तो घ्यावा, एवढाच त्यांचा विचार असावा. पण सरकारने विचारले ते प्रश्नही विचारायलाच हवे होते. आमचे मत विचाराल तर, चूक झाली ती प्रश्न उशिरा विचारण्यात. पैसा कुणाचा, नमुने कुठे जाणार, निष्कर्ष कोण छापणार, हे पहिल्या दिवशी उघड लिहिले असते तर पंधरा वर्षांनी गुप्तहेरगिरीचा आरोप ऐकावा लागला नसता. संशय बळावला की तो चांगल्या-वाईटात भेद करीत नाही. त्यानंतर परदेशी सहकार्याच्या प्रत्येक प्रस्तावाला मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

असो. पुण्याचाच विषय निघाला आहे तर गणेशखिंडीकडे वळू. उजळणी वर्गाच्या निमित्ताने आम्ही पुणे विद्यापीठात राहिलो होतो, तेव्हा सकाळी फिरताना तीन संस्थांच्या पाट्या वाचल्या होत्या. त्यांचा अर्थ आता लागतो. एक सी-डॅकची, दुसरी आयुकाची, तिसरी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. पहिलीचा जन्म नकारातून झाला. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे शक्तिशाली क्रे महासंगणक मागितला. अमेरिकेने हवामानाच्या अंदाजापुरता कमी ताकदीचा, अटींनी बांधलेला संगणक देऊ केला. उरलेली गरज आपली आपण भागवावी म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही कथा शाळेच्या भाषणांतून आपण शंभरदा ऐकली आहे. भाषणांत एक तपशील सहसा येत नाही. परमच्या पोटात ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्युटर होते, आणि तयार झाल्यावर एक परम मॉस्कोच्या संस्थेतही गेला. स्वावलंबनाच्या त्या विजयस्तंभाला सुद्धा परदेशाचे दगड लागले आहेत. यात कमीपणा कसला? एका दाराने नाही म्हटले, दुसरे उघडे होते.

दुसरी पाटी आयुकाची. तीही १९८८ ची. जयंत नारळीकरांनी ती उभारली ती नेमक्या उलट विचारावर : कोणत्याही विद्यापीठातल्या अध्यापकाने यावे, जगातल्या कोणाबरोबरही काम करावे. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपण साहित्यवाले त्यांना आपले मानतो, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या विभागातही शोकसभा झाली. परंतु त्यांची सर्वांत मोठी मराठी कृती गणेशखिंडीतील ती वास्तू आहे, असे आम्हांला वाटते. तिथेच संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी नव्वदच्या दशकारंभी, गोंगाटातून गुरुत्वीय लहर कशी ओळखावी याचे गणित मांडले. तेव्हा जगात एकही लहर सापडलेली नव्हती. तिसऱ्या पाटीची संस्था नारायणगावजवळ खोडदला तीस अजस्र तबकड्यांची रेडिओ दुर्बीण चालवते आणि तिचा वेळ जगातला कोणताही खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवून मागू शकतो. बंद दाराने जन्माला घातलेली एक संस्था आणि उघड्या दारावर जगणाऱ्या दोन, एकाच आवारात शेजारी नांदत आल्या आहेत.

१९९८ नंतर दारे पुन्हा लागली. अमेरिकेने अणू, अवकाश आणि संरक्षण क्षेत्रांतील भारतीय संस्थांची लांबलचक यादी काढली. तिच्यातल्या संस्थेला काही विकायचे तर परवाना हवा. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम् हे मुळात स्फटिकशास्त्राचे अभ्यासक. त्या वर्षी स्फटिकशास्त्रज्ञांच्या बैठकीसाठी त्यांना व्हिसा मिळाला नाही. २००६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना चेन्नईच्या अमेरिकी वकिलातीत आपल्या संशोधनाविषयी उलटतपासणी सोसावी लागली. रसायन म्हणजे रासायनिक अस्त्र, असा तर्क. त्या वेळी मेहता जागतिक विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. बोभाटा झाल्यावर व्हिसा देऊ केला गेला, दिलगिरीही व्यक्त झाली. २००८ च्या अणुकरारानंतर वातावरण बदलले खरे, पण भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव त्या यादीतून निघायला जानेवारी २०२५ उजाडले. म्हणजे २०१६ ला करार झाला, २०२३ ला कोनशिला बसली, तेव्हा अणुऊर्जा विभागाची एक संस्था अमेरिकेच्या संशयितांच्या यादीत होती आणि त्याच विभागाच्या दुसऱ्या संस्थांना अमेरिका आपले सर्वांत नाजूक आरसे सोपवायला निघाली होती. सरकारे अशी दोन मनांनी जगतात. कदाचित तसे जगण्यातच त्यांचा शहाणपणा असेल.

या यंत्राची स्वतःची कुळकथा तर याहून नवलाची. लेझरच्या व्यतिकरणाने गुरुत्वीय लहरी पकडता येतील, ही कल्पना १९६२ मध्ये गेर्त्सेनश्टाइन आणि पुस्तोवोइत या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी छापली. दहा वर्षांनी अमेरिकेत रायनर वाइस यांनी ती स्वतंत्रपणे, तपशिलासह मांडली. शीतयुद्ध ऐन भरात असता किप थॉर्न मॉस्कोला जात राहिले आणि तिथल्या व्लादिमिर ब्रागिन्स्कींकडून मापनाच्या सूक्ष्म मर्यादांविषयी शिकत राहिले. पुढे ब्रागिन्स्कींचा गट लायगोत सामील झाला. दोन्ही देशांची क्षेपणास्त्रे एकमेकांवर रोखलेली असताना हे चालू होते. आणखी एक. दुधाळ्याला येणारे यंत्र मुळात हॅनफर्डलाच, तिथल्या पहिल्या यंत्राच्या जोडीला बसायचे होते. मग ते ऑस्ट्रेलियाला देऊ केले गेले, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाने पैशांअभावी नकार दिला, आणि ते आपल्याकडे वळले. आता हॅनफर्ड म्हणजे काय? दुसऱ्या महायुद्धात, कमालीच्या गुप्ततेत, नागासाकीवर पडलेल्या बाँबचे प्लुटोनियम जिथे तयार झाले ती जागा. तिथे काम करणाऱ्या हजारो माणसांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक नव्हते. त्याच आवाराच्या एका भागात आज उभ्या असलेल्या वेधशाळेची मोजमापे कालांतराने कोणालाही उतरवून घेता येतात.

येथपर्यंत आल्यावर आम्ही विद्यार्थ्याला उत्तर देऊ शकलो असतो, पण वर्तमानाने ते अवघड केले. अमेरिकेत २०१८ ते २०२२ या काळात चीनशी संबंध असलेल्या प्राध्यापकांवर खटल्यांची मोहीम चालली. एमआयटीचे गँग चेन यांच्यावर जानेवारी २०२१ मध्ये आरोप ठेवले गेले आणि वर्षभराने ते मागे घेण्यात आले. एक वर्ष प्रयोगशाळेबाहेर काढणे ही शिक्षा नव्हे काय? दुसरीकडे, विद्यापीठांतून तंत्रज्ञान चोरीला जाते हेही कपोलकल्पित नाही. आपल्याकडे त्याच जानेवारीत शिक्षण मंत्रालयाचे एक पत्रक निघाले : सरकारी विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय दूरस्थ परिषदांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी, आणि देशाची सुरक्षा, सीमा किंवा 'अंतर्गत बाबी' यांच्याशी संबंधित विषय तर टाळावेतच. विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतला आणि महिन्याभरात पत्रक मागे घेतले गेले. तो महिना आमच्या लक्षात आहे. संतसाहित्यावर आम्ही एक वेबिनार योजला होता आणि त्यात परदेशातील एक अभ्यासक नामदेवांच्या पंजाबी पदांवर बोलणार होत्या. परवानगी कोणाकडे मागायची हे कोणालाच माहीत नव्हते. 'पंजाब' हा शब्द पाहून वरच्या कार्यालयातील एका सद्गृहस्थांनी फाईल बाजूला ठेवली. पत्रक मागे घेतल्याचे कळेपर्यंत त्या बाईंचा वेळ दुसरीकडे गेला होता. गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची एकसष्ट पदे आहेत, त्या कवीला जन्मगावच्या जिल्ह्यातून पंजाबात जायला सहाशे-सातशे वर्षांनी परवाना लागला.

तेव्हा आमचा झुकाव कुठे आहे, हे लपवत नाही. राखण्यासारख्या गोष्टी असतात. अणुभट्टीचे इंधन, लष्कराचे संकेत, कोणाच्या रक्ताचे नमुने, यांवर पहारा हवा. पण काय राखायचे आणि काय वाटायचे, हे ठरवणाऱ्याला त्या विषयातले काही कळले पाहिजे. विद्यापीठांनी तसे जाणकार आपल्यातच तयार केले नाहीत, तर तो निर्णय शब्द पाहून फाईल बाजूला ठेवणाऱ्याच्या हाती जातो. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. चुकून परवानगी दिली तर त्याला जाब विचारला जाईल. परवानगी अडवल्याबद्दल आजवर कोणाला जाब विचारला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या चार मित्रांना घेऊन आम्ही दुधाळ्याच्या रस्त्याने गेलो. आत जाण्याचा प्रश्न नव्हता, रस्त्यावरूनच पाहिले. रान, कापूस, तुरी, दूरवर कुंपण. पहारा कशासाठी, असे त्याने विचारले, तेव्हा वाचून ठेवलेली एक गोष्ट आम्ही सांगितली. या यंत्राला हेरांइतकाच धोका जड मालमोटारींचा, खाणीतल्या सुरुंगांचा आणि रेल्वेचा असतो. जमीन जरा थरथरली की कृष्णविवरांचा आवाज बुडून जातो. म्हणून तर आमचा शांत, कारखाने नसलेला, मागास म्हणून हिणवला गेलेला जिल्हा निवडला गेला. ते ऐकून तो हसला. "म्हणजे आपल्याकडं काही नाही, हेच त्यांना पायजे होतं," असे म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, की इथे मोजलेले आकडे आपल्या कॉलेजात बघता येतील का. अमेरिकेतल्या दोन यंत्रांचे आजही येतात, असे आम्ही सांगितले. इंटरनेट चालू असेल तर.

परतीच्या वाटेवर हिंगणघाटचा विषय निघाला. लॅम्ब्टनचे थडगे पाहायला एकदा जायचे ठरले आहे. अजून जमलेले नाही.